गाडीचं परीक्षण वाचताना कुणावर किती भरवसा ठेवायचा?

उसाचं बिल जमा झालं की इनामगाव, न्हावरे, मांडवगण या पट्ट्यात आम्हाला एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, त्या गाडीबद्दल पेपरात फार चांगलं आलंय. व्हिडिओवाल्यानेही पाचपैकी साडेचार दिलेत. घेऊन टाकू का?" शिक्षक माणूस चार अक्षरं जास्त वाचतो, इंग्रजी मासिकंही चाळतो, म्हणून हा प्रश्न आमच्या वाट्याला येतो. खरं तर यात दोन प्रश्न आहेत. गाडी चांगली आहे का, हा एक. आणि लिहिणारा सांगतोय ते कितपत धरायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आम्ही देत नाही, कारण घर तुमचं, रस्ता तुमचा, पैसा तुमचा. दुसऱ्याबद्दल मात्र सांगण्यासारखं बरंच आहे.

सात-आठ लाखांची गाडी म्हणजे आपल्यातल्या बहुतेक घरांत जागा-जमिनीखालोखाल सगळ्यात मोठी खरेदी. त्यात मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे असतात, भावाचा हिस्सा असतो, कधी गल्फमधून आलेली चार वर्षांची कमाई असते. परीक्षण लिहिणारा तीन दिवसांनी गाडी कंपनीला परत करतो. आपण ती सात-आठ वर्षं वापरतो. हा फरक एवढा मोठा आहे की वाचताना तो डोक्यात राहायलाच हवा.

उर्दूत दोन शब्द आहेत, इश्तिहार आणि तबसिरा. इश्तिहार म्हणजे जाहिरात, तबसिरा म्हणजे पारखून केलेलं भाष्य. गाड्यांच्या बाबतीत आज गोंधळ होतो तो नेमका इथे. इश्तिहार तबसिऱ्याचा झब्बा घालून फिरतो.

पुरस्कार मिळालेल्या गाड्या आणि शून्य तारे

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की निम्मं काम झालं.

आपल्या देशात 'इंडियन कार ऑफ द इयर' नावाचा पुरस्कार २००६ पासून दिला जातो. वेगवेगळ्या नियतकालिकांचे गाड्यांवर लिहिणारे पत्रकार एकत्र बसून तो ठरवतात. म्हणजे कुणा एकाची आवड नाही, जाणकारांचं मत. २००८ साली तो ह्युंदाई आय-टेनला मिळाला, २०१० साली टाटा नॅनोला, २०११ साली फोर्ड फिगोला. तिन्ही गाड्यांचं तेव्हा भरपूर कौतुक छापून आलं. आणि ते खोटं होतं असं आम्ही म्हणणार नाही. आय-टेन चालवायला हलकी होती, फिगो त्या किमतीत ऐसपैस होती, नॅनोने तर सगळ्या जगाला विचार करायला लावलं.

मग जानेवारी २०१४ उजाडला. ग्लोबल एनकॅप या ब्रिटनमधल्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून बघितल्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-टेन आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पुरस्कारवाल्या तिन्ही गाड्या त्यात होत्या.

मग पत्रकार विकले गेले होते का? आम्हाला तसं वाटत नाही. गोष्ट वेगळी आहे. पत्रकारांनी गाडी चालवून बघितली होती, आदळून बघितली नव्हती. ती सोय त्यांच्याकडे नव्हती, आणि तेव्हा भारतात वाचकही तो प्रश्न विचारत नव्हता. शिवाय ग्लोबल एनकॅपने घेतल्या होत्या सगळ्यात स्वस्त, एअरबॅग नसलेल्या गाड्या. पत्रकारांच्या हाती साधारणपणे येते ती सगळ्यात वरची, सगळी सामग्री असलेली गाडी. पोलोचंच बघा. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य, पण दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. कंपनीने मग बिनएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. नाव एक, रंग एक, जाहिरातीतला फोटो एक, आणि आत बसलेल्या माणसाच्या जिवाला फरक एवढा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की परीक्षकाने जे स्वतः मोजलं, चालवलं, तपासलं, तेवढ्यापुरता त्याच्यावर भरवसा ठेवावा. जे तपासायची त्याला सोयच नव्हती, त्याबद्दल तो कितीही गोड लिहो, ते त्याचं मत नसून कंपनीच्या कागदावरचं असतं.

इनामगावचं नाव जगाच्या पुस्तकांत आहे ते डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी केलेल्या उत्खननामुळे. सांकलिया, ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांची ती कामगिरी. त्या लोकांची पद्धत अशी की कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली हे लिहिल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही. गाडीवाल्यांकडून एवढी शिस्त मागणं जरा जास्त होईल, पण कोणती गाडी, कोणतं इंजिन, किती किलोमीटर चालवली, एवढं तरी लिहिलेलं असावं.

वर्तमानपत्राची पुरवणी

आपल्याकडे जास्तीत जास्त लोक गाडीबद्दल वाचतात ते मराठी पेपरात. पाडवा, दसरा, दिवाळीच्या आसपास चार पानी रंगीत पुरवणी निघते. त्यात 'नव्या रूपात सादर', 'कुटुंबाची पहिली पसंती' अशी शीर्षकं. वर बारीक अक्षरात कुठेतरी 'जाहिरात पुरवणी', 'प्रायोजित' किंवा 'मीडिया मार्केटिंग उपक्रम' असं छापलेलं असतं. ते आधी शोधा. सापडलं तर तो इश्तिहार आहे, तबसिरा नाही. तो वाचायला हरकत नाही. किंमत, रंग, शोरूमचा पत्ता कळतो.

मुख्य पेपरातही 'वाणिज्य प्रतिनिधी' या नावाखाली येणारी गाडीची बातमी बहुतेकदा कंपनीने पाठवलेल्या निवेदनावरून लिहिलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. तीच बातमी दोन पेपरांत बघा. वाक्यं सारखीच असतील, कंपनीच्या अधिकाऱ्याचं तेच बोलणं असेल, आणि गाडीत एकही दोष नसेल, तर समजून घ्या की लिहिणारा गाडीत बसलेलाच नाही.

मासिकं आणि त्यांची पहिली सफर

गाड्यांना वाहिलेली इंग्रजी मासिकं आपल्याकडे १९९०च्या दशकाअखेरीस स्थिरावली. ओव्हरड्राइव्ह १९९८ साली, ऑटोकार इंडिया १९९९ साली. ऑटोकारचं मूळ ब्रिटिश मासिक तर १८९५ पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं. या मंडळींना गाडी कळते यात शंका नाही. पण त्यांच्याही लिखाणाचे प्रकार आहेत आणि सगळ्यांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात आधी येते ती 'फर्स्ट ड्राइव्ह', म्हणजे पहिली सफर. कंपनी पत्रकारांना एका ठिकाणी बोलावते. उदयपूर, गोवा, कधी परदेश. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण कंपनीचं. रस्ता कंपनीने निवडलेला. गाडी धुऊन-पुसून, टायरमधली हवा मोजून ठेवलेली. काही तास चालवायला मिळते. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही अशी अट असते, त्यामुळे सगळ्यांचे लेख एकाच तासाला येतात. यात दिसणं, बसायची जागा, इंजिनाचा आवाज, गिअर कसे पडतात, याबद्दल जे लिहिलं जातं ते साधारण बरोबर असतं. पण 'सस्पेन्शन आपल्या रस्त्यांसाठी उत्तम' हे वाक्य जर नव्याकोऱ्या महामार्गावर फिरून लिहिलं असेल, तर न्हावरे ते चौफुला रस्त्यावर उसाच्या हंगामात त्याचा उपयोग किती, हे तुम्हीच ठरवा.

त्यानंतर येते सविस्तर चाचणी, 'रोड टेस्ट'. गाडी कंपनीचीच, पण काही दिवस मासिकाच्या ताब्यात. चांगली मासिकं यात यंत्रं लावून वेग, ब्रेक मारल्यावर किती मीटरवर थांबते, केबिनमधला आवाज, असं मोजतात. टाकी भरून शहरात किती आणि हायवेवर किती पडलं ते वेगवेगळं देतात. आकडे आले की लिहिणाऱ्याची आवड-नावड बाजूला पडते. आमच्या मते परीक्षणातला सगळ्यात विश्वासू भाग हा आकड्यांचा चौकोन. वाचक मात्र तो सोडून शेवटचे तारे बघतात.

तिसरा प्रकार म्हणजे दोन-तीन गाड्यांची तुलना. हा आम्हाला विशेष आवडतो. एकट्या गाडीबद्दल लिहिताना 'छान आहे' म्हणून सुटता येतं. तीन गाड्या समोर ठेवल्या की कुणाला तरी तिसरा नंबर द्यावाच लागतो, आणि का दिला ते सांगावं लागतं.

आणि चौथा, सगळ्यात दुर्मीळ, दीर्घकाळ वापराचा अहवाल. सहा महिने, वर्षभर, दहा-वीस हजार किलोमीटर. दाराचा खडखड आवाज कधी सुरू झाला, सर्व्हिसिंगला किती गेले, पावसाळ्यात स्क्रीन बंद पडली का, हे इथेच कळतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हेच वाचावं. आपल्यातली कितीतरी कुटुंबं पहिली गाडी सेकंडहँड घेतात. त्यांच्या दृष्टीने गाडी नवी असताना छापलेलं कौतुक म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून संसार ओळखण्यासारखं.

आता पैशाचं. ही मासिकं मुख्यतः जाहिरातींवर चालतात, आणि जाहिराती देणाऱ्यांत गाड्यांच्या कंपन्याच मोठ्या. उद्या कठोर लिहिलं तर परवा चाचणीला गाडी मिळणार नाही, ही भीतीही असते. याचा अर्थ खोटं छापतात असा नाही. दाब असतो तो शब्दांवर. दोष लिहितात, पण तिसऱ्या पानावर, मऊ करून. 'शहरातल्या वापरासाठी इंजिन पुरेसं आहे' असं दिसलं की समजावं, भरलेली गाडी घाटात दम टाकेल. 'मागच्या सीटवर दोघं आरामात बसतात' म्हणजे तिसऱ्याचे हाल. 'राइड थोडी कडक बाजूकडे झुकणारी' म्हणजे अब्बांच्या कंबरेचा विचार करा. ही भाषा एकदा कळली की परीक्षणं खूप प्रामाणिक वाटायला लागतात.

जाहिरातीशिवाय हे काम करता येतं का? येतं. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाचं मासिक १९३६ पासून आहे. ते जाहिरात घेत नाही आणि चाचणीची गाडी स्वतःचं नाव न सांगता, साध्या गिऱ्हाइकासारखी शोरूममधून विकत घेतं. १९८८ साली त्यांनी सुझुकी सामुराई ही गाडी वळणावर कलंडण्याचा धोका सांगून 'अस्वीकार्य' ठरवली. सामुराई म्हणजे आपल्याकडच्या मारुती जिप्सीची बहीणच. सुझुकीने १९९६ साली मासिकावर खटला भरला. तो २००४ पर्यंत चालला आणि शेवटी समझोता झाला. मासिकाने ना पैसे दिले ना मूळ निष्कर्ष मागे घेतला. एका कठोर परीक्षणापायी आठ वर्षं कोर्ट. आपल्याकडचे पत्रकार शब्द जपून का वापरतात, ते यावरून समजतं.

व्हिडिओवाले

घरातली तरुण मुलं लेख वाचत नाहीत, व्हिडिओ बघतात. मराठीत, हिंदीत आता चांगले व्हिडिओ येतात, आणि काही जण खरंच मेहनत घेतात. गाडीखाली वाकून बघतात, मागच्या सीटवर तिघांना बसवतात, रात्री हेडलाइटचा उजेड दाखवतात. पेपरात हे दिसणार नाही. पण बरेचसे व्हिडिओ शोरूममध्ये उभ्या गाडीभोवती फिरून केलेले असतात. त्याला परीक्षण म्हणू नये. ती दुकानातली वस्तू दाखवणं झालं.

यासाठी नियम आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेने जून २०२१ पासून समाजमाध्यमांवरच्या प्रभावी मंडळींना सांगितलं की पैसे किंवा मोबदला घेतला असेल तर तसा शिक्का मारा. मग केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियमावली आणली. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने आणखी स्पष्ट केलं की फुकट सहल, हॉटेल, भेटवस्तू, सवलत हाही मोबदलाच, आणि तो बघणाऱ्याला सहज कळेल असा सांगितला पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभुलीबद्दल १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तेव्हा व्हिडिओच्या सुरुवातीला 'कंपनीने बोलावलं होतं' असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर रागवू नका. तो कायदा पाळतोय. जो काहीच सांगत नाही आणि खाली 'या लिंकवरून बुक करा' लिहितो, त्याच्याकडे जरा बारीक नजरेने बघा.

मायलेजचा आकडा

आपल्या घरांत पहिला प्रश्न हाच. "कितना देती है?"

आपल्या कानाला एमआयडीसी म्हटलं की रांजणगाव आठवतं. पण मायलेजच्या सरकारी चाचणीचं नावही याच अक्षरांचं आहे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. या चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून ठरलेल्या क्रमाने पळवतात. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद. ब्रेकर नाही, खड्डा नाही, समोर उसाचा ट्रॅक्टर नाही. पुण्यातली एआरएआय ही १९६६ पासूनची संस्था असं प्रमाणपत्र देते, म्हणून लोक 'एआरएआय मायलेज' म्हणतात. हा आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो उत्तम. पण तुमच्या गाडीला तेवढंच पडेल हे वचन त्यात नाही. एखाद्या लेखात फक्त हाच आकडा असेल आणि लेखकाने स्वतः मोजलेला नसेल, तर मायलेजबद्दल त्या लेखात काहीच नाही असं धरा.

जुन्या परीक्षणातल्या मायलेजबद्दल आणखी एक. २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलं होतं, की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल. म्हणजे २०१९च्या लेखातला आकडा आजच्या पेट्रोलचा नाहीच. गंमत अशी की यातलं काही इथेनॉल बनतं आपल्याच उसापासून. एका खिशात आलं, दुसऱ्यातून गेलं.

स्वतःचं मायलेज काढायला काही लागत नाही. टाकी नोझल बंद पडेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा. नेहमीसारखी वापरा. पुन्हा त्याच पंपावर तशीच भरा. समजा मधे ४२० किलोमीटर झाले आणि दुसऱ्यांदा २८ लिटर बसलं, तर १५चं ॲव्हरेज. सातवीच्या मुलांना आम्ही हे गणित देतो. काही घरांत त्यामुळे वाद झाल्याचंही कानावर आलं.

तारे कसे वाचायचे

आदळण्याच्या चाचणीत परीक्षकाचं मत नसतं, म्हणून तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवता येतो. तरी तीही वाचावी लागते.

२०१८च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले. ही गाडी आपल्याच तालुक्यात, रांजणगावला टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनते, त्यामुळे इकडे सगळ्यांची छाती फुगली. पुढे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. कंपनीने स्वतः गाडी द्यायची असते. म्हणून एखाद्या गाडीला तारेच नसतील, तर 'अजून चाचणी व्हायची आहे' एवढ्यावर थांबू नका. का झाली नाही, हेही शोरूममध्ये विचारा.

तारखेकडे बघा. मारुती अर्टिगा आपल्याकडे मोठ्या कुटुंबांची लाडकी. २०१९ साली ग्लोबल एनकॅपने तिला तीन तारे दिले. २०२४ साली आफ्रिकेतल्या बाजारासाठी नव्या, कडक निकषांवर तपासली तेव्हा एक तारा मिळाला. कुणी तुम्हाला 'तीन तारे' सांगेल, कुणी 'एक'. दोघंही खरं बोलतायत, वर्ष सांगत नाहीत इतकंच. तसंच पिढीचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिझायरला पाच तारे मिळाले ते नव्या पिढीच्या गाडीला. जुन्या गाड्यांच्या बाजारात उभ्या असलेल्या आधीच्या डिझायरला ते लागू होत नाहीत, विकणारा काहीही सांगो.

आणि एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास. समोरून आदळण्याच्या चाचणीत पुढे दोन मोठ्या माणसांचे पुतळे आणि मागे लहान मुलांचे दोन पुतळे असतात. मोठ्यांना बेल्ट, मुलांना त्यांच्या वेगळ्या सीटमध्ये बांधलेलं. तिसऱ्या रांगेत कुणी नसतं. ईदला मामाच्या गावी जाताना सात सीटच्या गाडीत नऊ जण, मुलगा अम्मीच्या मांडीवर, बेल्ट सीटखाली दाबलेला, ही चाचणी कुठल्याच प्रयोगशाळेने केलेली नाही. पाच ताऱ्यांचं कौतुक ऐकताना ते तारे कुणाला मिळाले, ते बघा.

गॅरेजवाला, कंपनीतला भाचा आणि इतर

पेपर-मासिकांवर विश्वास नाही म्हणणारे लोक गॅरेजवाल्याला विचारतात. चांगलं आहे. पण गॅरेजवाला फक्त बिघडलेल्या गाड्या बघतो. ज्या गाड्या जास्त विकल्या गेल्या त्याच त्याच्याकडे जास्त येणार. शिवाय ज्या गाडीचं काम त्याला जमतं ती त्याला चांगली वाटते. कोणता पार्ट कितीला पडतो, शिरूरला मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो, हे मात्र त्याच्याइतकं कुठलंही मासिक सांगू शकत नाही. तेवढं त्याला विचारा.

आपल्या भागात प्रत्येक वाडीवर कुणीतरी कंपनीत कामाला आहे, रांजणगावला नाहीतर चाकणला. त्याला विचारलं की "मामू, आपली गाडी म्हणजे टँक!" असं उत्तर येतं. पोरं जिथे घाम गाळतात तिथला अभिमान असणारच. पण दाराचे बोल्ट लावणाऱ्याला इंजिन पाच वर्षांनी काय करेल हे कसं कळणार?

ज्यांनी तीच गाडी, तेच इंजिन, दोन वर्षं वापरलीय अशी दोन-तीन माणसं गाठा. नवीन घेतलेला पहिले सहा महिने आपल्या गाडीला नाव ठेवत नाही, लाखो रुपये घातलेले असतात. त्याला 'गाडी कशी आहे' विचारू नका. 'गेल्या वर्षी गॅरेजला किती वेळा गेली' असं विचारा.

मासिकातल्या किमतीचंही तसंच. ती बहुतेक वेळा दिल्लीची एक्स-शोरूम असते. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रस्ता कर, त्यावर विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीच्या लेखांतला 'पैसा वसूल' हा निकालही जुना झाला.

हे सगळं वाचून झाल्यावर शोरूमला जा, पण एकटे जाऊ नका. घरच्या सगळ्यांना न्या आणि सगळ्यांना एकाच वेळी गाडीत बसवून चालवून बघा. तुम्ही घेणार आहात तेच मॉडेल मागा. सीएनजी घ्यायची असेल तर सीएनजीच, पेट्रोलची चालवून अंदाज बांधू नका. परीक्षणंही बहुतेक पेट्रोलची, ऑटोमॅटिकची असतात. सीएनजीच्या टाकीने डिकी किती खाल्ली ते बॅग ठेवून बघा. एसी लावून चढावर न्या. वाचलेल्या दोषांची चिठ्ठी खिशात ठेवा आणि एकेक ताडून बघा. दोन वेगळ्या प्रकाशनांनी एकच दोष सांगितला असेल, तर तो असतोच. दोष किती खपतो हे ज्याचं त्याने ठरवायचं.

शोरूममध्ये सांगितलेलं मायलेज, एअरबॅगची संख्या, वॉरंटी हे कोटेशनवर लिहून घ्या, आणि ज्या जाहिरातीवर विसंबून गाडी घेतली ती जपून ठेवा. २००४ साली एका ग्राहकाने जाहिरातीतला लिटरला १६ ते १८ किलोमीटरचा दावा वाचून मारुती झेन घेतली, त्याला १०च्या आसपास पडायला लागलं. तो ग्राहक मंचात गेला. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाने त्याला एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कायम केला. जवळपास वीस वर्षं लागली, पण जाहिरातीतला आकडाच पुरावा ठरला. अशी तक्रार आता घरबसल्या ऑनलाइन करता येते, आणि आधी विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मराठीतही बोलता येतं.